आईने सोडलेला संत्रा

आमच्या आईने आठ वर्षं संत्रा तोंडात घातला नाही, आणि तेही पांढुर्ण्यात राहून. बाहेरगावच्या माणसाला यातली गोम कळणार नाही. आमच्याकडे हिवाळ्यात कोणी कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाही, पिशवीत संत्रे असतातच. आजाऱ्याला भेटायला संत्रे, पाहुण्याच्या बशीत संत्रे. पोरं शाळेत खिशातून आणतात आणि माझ्या गणिताच्या तासाला बाकाखाली सोलत बसतात. चोर वासावरून सापडतो. अशा गावात कोणी फोड पुढे केली की आई हात मागे घ्यायची. "नाही वो, म्या सोडला आहे."

सोडला होता माझ्यापायी. पोरीचं जमल्याबिगर संत्रा खाणार नाही, असा तिचा मारोतीला शब्द होता. आणि या सगळ्याच्या मुळाशी होतं माझं एक खोटं.

मी सौंसरच्या शाळेत शिकवते, रोज बसने जाणं-येणं. आणि जिच्यापायी ते खोटं बोलले, ती तिथेच दवाखान्यात नर्स. मोहगावची, बौद्ध घरातली. आमच्या शाळेत पोरांना सुया टोचायला आली होती. एक पोरगी चक्कर येऊन पडली आणि मी घाबरून या नर्सवरच ओरडले. माझ्या आवाजाला हेडमास्तर भितात. ही बाई माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडली, "बाजूला व्हा मॅडम, हवा येऊ द्या!" मी झाले बाजूला. त्या दिवसापासून माझं काही खरं राहिलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा असायची. दुपारी सुटल्यावर संध्याकाळपर्यंतचा वेळ हवा होता, तर आईला काय सांगायचं? मी सांगून टाकलं, "जामसांवलीच्या मारोतीला जाऊन येते." आणि निम्मं तरी खरं असावं म्हणून आम्ही खरोखर जायचो. मी आत जाऊन मारोतीला हात जोडून यायची, ती बाहेर चहाच्या टपरीवर माझ्या चपला घेऊन बसायची. म्हणायची, "तुझ्या देवाचं अन् माझं काही देणंघेणं नाही. चपला माझ्याकडे राहू दे." मग एक चहा, दोन बशा, आणि तास-दोन तास गप्पा.

आता बघा, घरात उदबत्ती लाव म्हटलं तरी कुरकुरणारी पोरगी एकाएकी शनिवार धरते, तर आई काय समजेल? लग्नासाठी नवस! मला पत्ता लागेपर्यंत सगळ्या गल्लीला ठाऊक झालं होतं, "आमची बाई शनिवार करून राहिली." करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय. वर आईला वाटलं, एकट्या पोरीच्या नवसाने भागणार नाही, तर तिने स्वतःचा संत्रा सोडला. मला हे पुढच्या हिवाळ्यात कळलं, तिने पहिल्यांदा हात मागे घेतला तेव्हा. नवस नाहीच म्हणावं, तर मग शनिवारी कुठे असतेस, हा सवाल. मी गप्प बसले. असे आठ हिवाळे बसले. शरम वाटायची, पण शरमेपेक्षा भीती मोठी होती. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. आईने दार लावून घेतलं असतं तर मला दुसरं घर नव्हतं, आणि दुसरी आई तर नव्हतीच नव्हती.

आईचा स्वभावही मला माहीत होता. माझी नर्सबाई एकदा मैत्रीण म्हणून घरी आली, तेव्हा आईने तिला चहा दिला स्टीलच्या पेल्यात. पाहुण्यांचे कप कपाटातच राहिले. ती हसून पिऊन गेली. मी आईशी महिनाभर भांडले.

भीती सोडा, सांगायला शब्दही नव्हता. काय म्हणणार होते? आमच्या बोलीत या गोष्टीला नाव नाही, आणि जी नावं आहेत ती शिव्या आहेत. सिनेमाने तरी काय दिलं? आमच्या टॉकीजमध्ये पडद्यावर दोन बाया जवळ आल्या की दोनच गोष्टी व्हायच्या, एक तर सगळं टॉकीज खिदळायचं, नाही तर त्यातली एक शेवटाला मरायची. कॉलेजात होते तेव्हा अशाच एका पिक्चरबद्दल पोरं शिट्ट्या मारत बोलायची, आणि मी वहीत मान घालून बसायची. तो मी पाहिलाही नाही. पुढे मोबाइल आला, तेव्हा आम्ही दोघी तिच्या खोलीवर परदेशातल्या मालिका पाहू लागलो. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण त्या बायांची घरं समुद्राकडे तोंड करून, फ्रिज माणसाएवढा, आणि एकीलाही कोणी "दळण आणलं काय?" म्हणून विचारत नव्हतं. ती तर निम्म्यात झोपून जायची. म्हणायची, "यांना ड्युटी नसते काय वो?" आईला दाखवावं असं त्यात काही नव्हतं.

मग साडेसातची मालिका सुरू झाली.

आई आणि समोरच्या घरातल्या काकू ही मालिका मिळून पाहायच्या, आमच्याच घरी. त्यात एका खोलीत भाड्याने राहणाऱ्या दोघी होत्या, एक कपडे शिवायची आणि दुसरी पोलिसात होती. सहा महिने त्यांनी सिलेंडर कोणी लावायचा यावरून भांडण्यापलीकडे काही केलं नाही. आई शिलाईवालीवर फिदा. तिचं कटिंग चुकलं की आई इथून टीव्हीला सूचना द्यायची. आणि एक दिवस, मी आत कणीक भिजवत होते तेव्हा, शिलाईवालीने आपल्या मायला सांगून टाकलं की मला लग्न करायचं नाही, माझा जीव या पोलीसवालीवर आहे.

माझे हात परातीत तसेच राहिले.

"अवो माय!" काकू ओरडल्या. "हे काय दाखवून राहिले? बायाबायांमध्ये असं असते काय कुठं?"

"असंल बी," आई म्हणाली. "आपल्याले काय माहीत."

"टीव्हीवाले पैशापायी काही बी दाखवते."

"अन् त्या दुसऱ्या मालिकेत एका बुवाले तीन बायका दाखवते, ते तुले चालते!"

दुसऱ्या दिवशीच्या भागात शिलाईवालीच्या मायने पोरीला घराबाहेर काढलं आणि तिची शिलाई मशीन रस्त्यावर फेकली. आई अशी भडकली, की पुढचे तीन दिवस त्या मायचा उद्धार चालू होता. मी बाप्पा इतकी खूश झाले की कणकेत पाणी जास्त पडलं. मग नीट कान देऊन ऐकलं. "मशीन फेकते! पोटाचं साधन आहे ते! मशीन कोणी फेकते काय?" म्हणजे तिचा राग मशीनपायी होता, पोरीपायी नव्हेच. तरी मी हिंमत करून म्हटलं, "आई, तुझी पोरगी असती तर?"

"टीव्हीतलं टीव्हीत," आई म्हणाली. "कणीक पाहा, कढी करून ठेवली."

झालं. मी पुन्हा जिथल्या तिथे.

त्याच आठवड्यात काकूंनी आपल्या नात्यातलं बोरगावचं स्थळ आणलं. सरकारी नोकरी, बायको वारलेली, मूलबाळ नाही, माझ्या वयाला यापेक्षा काय पाहिजे. रविवारी पाहायला येणार होते. आतापर्यंतची सगळी स्थळं मी तोंडाळपणाने पळवून लावली होती, पण या वेळी आईने मला समोर बसवलं. "नाही म्हणायचं असंल तर कारण सांग. कारणाबिगर नाही ऐकणार नाही. अन् शनिवारी मी बी येतो तुह्यासोबत. मारोतीले सांगून येऊ."

मी नर्सबाईला फोन केला, म्हटलं, "उद्या येऊ नको, आई आहे."

"आठ वर्षं चपला सांभाळल्या," ती म्हणाली, "अन् उद्याच कायले सुट्टी घेऊ? तुला सांगायचं नसंल तर सांगू नको. मी नुसती चहा पिईन."

शनिवारी शाळा सुटल्यावर आईला सौंसरच्या स्टँडवरून घेतलं आणि ऑटोने जामसांवलीला गेलो. ती टपरीसमोर उभीच होती. आईला नमस्कार केला. आई म्हणाली, "तुम्ही बी आल्या काय?" आणि टपरीवाल्या बाईने, देव तिचं भलं करो, मला तोंड उघडायलाही वेळ दिला नाही.

"आज तिघी काय? मग एक चहा अन् दोन बशा नाही चालणार!"

आई वळली. "म्हणजे? नेहमी येते काय ह्या दोघी?"

"दर शनिवारी. मॅडम आत जाते, ह्या सिस्टरबाई चपला घेऊन इथंच बसते. सात-आठ वर्सं तरी झाली असंल."

आईने चपला काढल्या आणि एकटीच आत गेली. बराच वेळ आली नाही. मी तिला म्हटलं, "तू जा, अजून वेळ आहे." ती हलली नाही. आई पायऱ्या उतरली तेव्हा तिने आईच्या चपला उचलून पायाशी सरळ लावून ठेवल्या, माझ्या ठेवते तशाच. आईने त्या चपलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि झाडाखालच्या ओट्यावर जाऊन बसली.

"आता सांग कारण."

आठ वर्षं मनात भाषणं रचली होती. एकही आठवलं नाही. "आई, मी नवस केलाच नव्हता. मी हिच्यासाठी येते."

 एका बाजूने मंदिराची घंटा, दुसऱ्या बाजूने नारळवाल्यांची ओरड. आई हळूच म्हणाली, "म्हणजे त्या शिलाईवाली-पोलीसवालीवाणी?"

मला आधी हसू आलं, मग जे रडू फुटलं ते आवरेना. ज्याला माझ्याकडे शब्द नव्हता ते आईनेच उचलून माझ्या हातात दिलं होतं, साडेसातच्या मालिकेतून. मी म्हटलं, "हो. तसंच."

"पोलीसवाली तूच असशील. आवाज तुहाच मोठा." आणि मग एकदम तिचा पारा चढला. "आठ वर्सं! आठ वर्सं मले येडी बनवलं! मारोतीले बी बनवलं! अन् मी तिकडं तोंड बांधून बसली, पोट्टे!" ती उठली, नारळाच्या दुकानापर्यंत तरातरा गेली, तिथे पाठ करून उभी राहिली. मला वाटलं, संपलं.  पण आई परत आली, आणि माझ्यासमोर नाही, तिच्यासमोर उभी राहिली.

"तुमच्या घरी माहीत आहे?"

"हो मावशी. बाबा दोन वर्षं बोलले नाही. आता बोलते."

"अन् इनं मले काहून नाही सांगितलं?"

"भेते ती तुम्हाला. तुम्ही घराबाहेर काढाल म्हणून."

आईचा चेहरा असा पडला की मी तसा कधी पाहिला नव्हता. माझ्याकडे वळून म्हणाली, "मशीन फेकणारी माय वाटली काय मी तुले?"

 हो, वाटली होती. आठ वर्षं वाटली होती. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं, तिथेच, भर गर्दीत, सदतीस वर्षांची बाई. अंगातून किती मोठं ओझं उतरलं ते तेव्हा कळलं. आईने एका हाताने माझं डोकं दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने काकूंना फोन लावला. "बोरगाववाल्यांना नाही म्हणून सांग वो. आमच्या पोरीचं जमलं आहे." पलीकडून काकूंनी काय विचारलं ते मला इथवर ऐकू आलं. आई म्हणाली, "मोहगावचं आहे. दवाखान्यात नोकरी आहे. बाकीचं घरी आल्यावर सांगतो, तू दम धर."

फोन ठेवून आई पुन्हा ओट्यावर बसली.  नर्सबाईने सवयीने पिशवीतून संत्रे काढले, एक मला दिला, एक स्वतः घेतला. आईला द्यायची हिंमत नव्हती, तिला नवसाचं माहीत होतं. तिने नुसता सोलायला घेतला.

आईने हात पुढे केला.

तिने अर्धा संत्रा त्या हातावर ठेवला. आईने एकेक फोड सावकाश खाल्ली, रस हनुवटीवर आला तो पदराने पुसला, बिया मुठीत धरल्या. टपरीवरून तीन कप चहा आला, तो तसाच निवत राहिला. आईने मूठ उघडून बिया झाडाच्या बुंध्याशी टाकल्या आणि तिच्याकडे पाहिलं.

"अजून एक दे वो पोरी," ती म्हणाली.