बंद कार्डावरची तीनशे सव्वीस पुस्तकं

सुलोचनाबाईंवर अन्याय झाला. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी सव्वाबारा वाजता, मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्णा रस्त्यावरच्या एका खासगी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, चौदा लोकांच्या समोर. बावीस वर्षं लायब्ररी सांभाळलेल्या बाईकडून एक कागद लिहून घेतला. प्राचार्य हिंदीत सांगत गेले, त्या लिहीत गेल्या, की मी कॉम्प्युटरमध्ये खोट्या नोंदी केल्या. खाली सही. मग त्या रामाकोन्याच्या बसमध्ये बसल्या आणि घरी गेल्या. दिवाळीनंतर वारल्या. आजार काय होता ते घरच्यांना नीट सांगता आलं नाही. जेवण तुटलं होतं म्हणाले.

हे सगळ्यात आधी लिहिलं, कारण पुढचं वाचून लोक तेवढंच लक्षात ठेवतील आणि ही सही विसरतील.

आता माझं. मी मोहगावची. भूतबाधा, उतारा, अंगात येणं… या सगळ्याविरुद्ध लोधीखेड्याच्या बाजारात उन्हात उभं राहून पर्चे वाटणारी मुलगी म्हणजे मी. या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आले. तुम्ही मला हसलात तर तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी तुमच्याकडे काम आहे.

त्या कॉलेजमध्ये, जिथं मीही शिकले, मराठी विषय होता. शिक्षक रिटायर झाले, दुसरे आणलेच नाहीत, मग ‘विद्यार्थी नाहीत’ म्हणून विषय बंद. पुस्तकं मात्र राहिली, लायब्ररीतली मागची चार कपाटं. नंतर लायब्ररी ‘डिजिटल’ झाली. बारकोड आले, सॉफ्टवेअर आलं, हजारो ई-पुस्तकांचं पोर्टल आलं. त्यात मराठी पुस्तक एकही नाही. मी स्वतः शोधून पाहिलंय, दोन दिवस बसून. आणि सॉफ्टवेअरसोबत आला नियम: जे पुस्तक दहा वर्षांत एकदाही इश्यू झालं नाही, ते आपोआप अपलेखनाच्या यादीत. अपलेखन म्हणजे साध्या भाषेत रद्दी.

सुलोचनाबाईंनी यावर एक उपाय काढला होता. यादी लागायच्या आधी त्या मराठी पुस्तकं स्वतःच्या कार्डावर इश्यू करायच्या. कॉम्प्युटरमध्ये नोंद, आणि पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या चिठ्ठीवर जांभळ्या शाईचा तारखेचा शिक्का. तो शिक्का इतका जुना की त्याच्या रबरी पट्ट्यावरची वर्षं संपली होती. वर्षाचा शेवटचा आकडा त्या हिरव्या पेनानं हातानं लिहायच्या, मराठी आकड्यात. मग पुस्तकं टेबलावर दोन-तीन दिवस. धूळ झटकणं, सुटलेली पाठ खळीनं चिकटवणं, खिडकीतल्या उन्हात ठेवणं. दुपारी एकच्या ठोक्याला डबा उघडायच्या, आणि जेवताना त्यातलंच एखादं समोर.

मी विचारलं होतं, “बाई, एवढी सारी खरंच वाचता?”

“सारी नाही व. दोन पानं तं वाचतोच मी एकेकाची. दोन पानं वाचली म्हंजे पुस्तक उघडलं ना? उघडल्याशिवाय शिक्का नाही मारत मी.”

“लई भारी काम करून राहिल्या तुम्ही.”

“तू काय करून राहिली?” म्हणत त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. माझं कार्ड उघडलं होतं. “तीन वर्षं झाली कार्ड काढून. मराठी वाचवा, मराठी वाचवा… पर्चे तं ढीगभर वाटते. हे पाय, किती नेली?”

शून्य. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, आंदोलनातून वेळ कुठे मिळतो.

“हाव,” त्या म्हणाल्या, “पुस्तकालेही वेळ नसते मग.”

आता जे लिहायचं आहे ते मी इतके महिने टाळलं. जूनमध्ये मी एक पर्चा काढला. त्यात कॉलेजला झोडपलं, पोर्टलला झोडपलं आणि शेवटी मोठ्या अक्षरात लिहिलं की या अंधारात एक बाई स्वतःच्या कार्डावर पुस्तकं चढवून त्यांना रद्दीतून वाचवते आहे, तिला सलाम. नाव लिहिलं नाही. पण त्या लायब्ररीत बाई एकच होती. प्राचार्यांनी कार्डाचा रिपोर्ट काढला आणि त्या शनिवारी स्टाफरूममध्ये माझाच पर्चा हातात धरून वाचून दाखवला. मी तेव्हा पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर तोच पर्चा वाटत होते.

नंतर एकदा रामाकोन्याला गेले. बाई ओट्यावर बसल्या होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, “तुनं चांगलंच लिहिलं होतं. जाऊ दे.” थोड्या वेळानं विचारलं, “यादी लागली काय?” मी म्हटलं, लागेल. ती आमची शेवटची भेट.

यादी डिसेंबरात लागली, बाईंच्या जुन्या नोंदी खोट्या म्हणून वगळून. तीनशे सव्वीस पुस्तकं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती पोत्यांत भरली, लायब्ररीच्या मागच्या खोलीत टाकली, कुलूप लावलं आणि कुलपावर कागद चिकटवून कमिटीच्या तिघांनी सह्या केल्या. पुढच्या सोमवारी रद्दीवाल्याची गाडी येणार होती.

गुरुवारी मी ही रद्दी थांबवा म्हणून शेवटचा अर्ज घेऊन गेले. सकाळी दहापासून लाइट नव्हती, लाइनचं काम चालू होतं, पाचपर्यंत येणार नाही म्हणून सांगितलेलं. इन्व्हर्टरची बॅटरी दिवाळीपासून मेलेली. प्राचार्य पाच वाजता येणार म्हणून मी थांबले. लायब्ररीचा कॉम्प्युटर ऑपरेटर नितेश, लोधीखेड्याचा, माझ्याच बॅचचा. आम्ही दोघं लायब्ररीच्या दारासमोर पायरीवर उन्हात बसलो, त्याच्या शेतातली संत्री सोलत. आत जायचं दार ते एकच. मागच्या खोलीत जायचं तर त्याच दारातून. दिवसभर आत कुणी गेलं नाही. आम्ही दोघंही गेलो नाही, कारण आत अंधार होता आणि बाहेर ऊन.

एकदाच नितेश म्हणाला, “काही आवाज येऊन राहिला काय व?”

मी ऐकलं. ठक… मग बराच वेळ काही नाही… मग ठक. लाकडावर काहीतरी हलकं आपटल्यासारखं.

“खिडकी असंन,” मी म्हटलं.

“खिडकीच असंन,” तो म्हणाला. पण त्यानं संत्र्याची फोड तोंडात टाकली नाही, हातातच धरून ठेवली. पुढे दुपारी जरा वेळ तो आवाज बंद होता आणि आम्ही त्याला विसरलो. मग पुन्हा सुरू झाला.

प्राचार्य आले नाहीत. अर्ज बाबूकडे देऊन मी घरी गेले.

शुक्रवारी दुपारी नितेशचा फोन. “पल्लवी, इकडं ये. फोनवर नाही सांगत.”

त्याला रद्दीवाल्याला द्यायची अंतिम यादी छापायची होती. सॉफ्टवेअर म्हणत होतं, यादीत एकही पुस्तक नाही. त्यानं एकेक उघडून पाहिलं. सगळी इश्यू झालेली. तारीख कालची, गुरुवारची. कार्ड सुलोचनाबाईंचं.

“हे कार्ड म्या स्वतः डिलीट केलं जुलैमंधी,” नितेश म्हणाला. “बंद नाही, डिलीट. सरांनी समोर उभं राहून करून घेतलं. नसलेल्या कार्डावर हे सॉफ्टवेअर पुस्तक घेतच नाही. ट्राय करून पाय.”

मी करून पाहिलं. घेत नव्हतं. लाल अक्षरात ‘सदस्य सापडला नाही’.

मग आम्ही वेळा पाहिल्या. पहिली नोंद दहा बावीसला. पुढची मिनिटाभरानं. त्याच्या पुढची तशीच. एखाद्या हॅकरनं बाहेरून केलं असतं तर तीनशे नोंदी एका झटक्यात झाल्या असत्या, नितेश म्हणाला. या नोंदी मात्र माणसाच्या हाताच्या वेगानं झाल्या होत्या. पुस्तक उचलायला, उघडायला आणि ठेवायला जेवढा वेळ लागतो तेवढा. आणि एक ते दीडमध्ये एकही नोंद नव्हती.

आम्ही दोघंही त्या अर्ध्या तासाकडे पाहत बसलो. बाईंच्या डब्याची वेळ.

शनिवारी कमिटीसमोर खोली उघडली. कागद शाबूत, सह्या शाबूत. पोती तशीच बांधलेली. पहिलं पोतं सोडलं, पुस्तक काढलं, मागची चिठ्ठी पाहिली. जांभळा शिक्का, गुरुवारची तारीख. प्राचार्यांनी त्यावर अंगठा फिरवला आणि अंगठा जांभळा झाला. वर्षाचा शेवटचा आकडा हिरव्या पेनाचा. मराठी. बाईंचाच आकडा, मी शंभर चिठ्ठ्यांवर पाहिलेला.

दुसरं पुस्तक तसंच. दहावं तसंच. पुढे कुणी पाहिलं नाही.

शिक्का? तो जुलैपासून प्राचार्यांच्या कपाटात, पुरावा म्हणून ठेवलेला. काढून आणला. डबी उघडली तर रबर कोरडं, पांढरं, चिरलेलं.

प्राचार्य माझ्याकडे वळले. “ये तुम दोनों का काम है.”

“कसं केलं सर?” मी विचारलं. “लाइट नव्हती. कुलूप तुमचं, सह्या तुमच्या, शिक्का तुमच्याकडे. सांगा ना कसं केलं, मीही शिकून घेते.”

ते अंगठा रुमालाला पुसत राहिले.

सोमवारची गाडी परत गेली. इश्यू असलेलं पुस्तक रद्दीत काढता येत नाही, हा त्यांचाच नियम. पण माणसं नियमाला वाट काढतात. महिन्याभरात कमिटीनं ठराव केला की त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी ‘तांत्रिक बिघाड’ म्हणून रद्द. पुस्तकं तात्पुरती कपाटात. हे सत्र संपलं की पुन्हा यादी, आणि त्यात फक्त चालू कार्डावरचा इश्यू धरला जाईल. आणि बाईंच्या त्या कागदाला आणखी एक कागद जोडला: मृत कर्मचाऱ्याच्या नावाचा गैरवापर. म्हणजे मेल्यावरही खोटी नोंद त्यांच्याच माथी. नितेशची बदली ऑफिसात, पाणीपट्टीच्या फायली लावायला.

एक गोष्ट मी कमिटीला सांगितली नाही. नितेशला माहीत आहे, आणखी कुणाला नाही.

बाईंच्या कार्डावर नोंदी तीनशे पंचवीस होत्या. तीनशे सव्विसावी, सगळ्यात शेवटची, चार वाजून चाळीस मिनिटांची, दुसऱ्या कार्डावर होती. माझ्या. पोत्यांत पुस्तकंही तीनशे पंचवीसच निघाली.

शुक्रवारी ती नोंद पाहून मी घरी आले आणि माझी पर्च्यांची झोळी रिकामी केली. पर्च्यांचे गठ्ठे, गोंदाची बाटली, गुरुवारच्या संत्र्याच्या साली. गठ्ठ्यांच्या खाली एक पातळ पुस्तक. कापसावरच्या किडींची माहिती, शाळकरी भाषेत लिहिलेली, पाठ खळीनं नीट चिकटवलेली. झोळीचं वजन मला कळतं, मी ती रोज वाहते. गुरुवारी संध्याकाळी ती जड नव्हती. मागच्या चिठ्ठीवर एकच शिक्का, ताजा, हिरव्या आकड्याचा.

मी ते तिथंच जमिनीवर बसून उघडलं. दोन पानं वाचली. तिसरंही वाचलं. मग रडू आलं, ते लिहीत नाही.

तुम्ही म्हणाल, यानंच सिद्ध होतं की तूच केलंस. म्हणा. मीही स्वतःला खूप दिवस विचारलं, की अपराधीपणानं माणूस असं काही करतं आणि विसरतं का. पण मग पायरीवर नितेशजवळ कोण बसलं होतं? आणि तो आकडा मी तसा काढून पाहिलाय, पानंच्या पानं. येत नाही मला. उत्तर नितेशकडे नाही, माझ्याकडे नाही, कमिटीकडे तर नाहीच.

मला उत्तराची घाईही राहिली नाही. मला घाई आहे ती सत्र संपायच्या आतली. माझ्या कार्डावर आता अकरा आहेत, जुन्या विद्यार्थ्यांच्या एका कार्डावर एका वेळी तेवढीच मिळतात. एकटी बाई एका दिवसात तीनशे पंचवीस करून गेली, आणि आपण तेवढी माणसं गोळा करू शकत नाही?

तुम्ही सौंसरचे असाल, पांढुर्ण्याचे असाल, त्या कॉलेजात कधी शिकला असाल तर जुन्या विद्यार्थ्यांचं कार्ड एका फोटोवर निघतं. हा अनुभव कुणाला फॉरवर्ड करू नका. मला ‘सलाम’ लिहून पाठवू नका. सलामानं काय होतं ते मी पाहिलंय. लायब्ररीत जा. मागची चार कपाटं, खिडकीच्या बाजूची. एक पुस्तक काढा, स्वतःच्या कार्डावर इश्यू करा, आणि शिक्का मारायच्या आधी त्याची दोन पानं वाचा.