लोखंडी चाकाला अलॉयचे नट

कन्नड गावाच्या पुढे खड्ड्यात आपटून आमच्या गाडीच्या नव्या अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या, चाकाला तडा गेला. लोखंडी असतं तर नुसतं वाकलं असतं. नवऱ्याने डिकीतलं जादा लोखंडी चाक चढवलं आणि आम्ही घाट उतरू लागलो. गाडी थरथरायला लागली.

"अहो, थांबवा!"

"तुला बसल्या जागी भूकंप होतो," हे हसले.

मागे मुलगी झोपली होती. मी किंचाळले, तेव्हा गाडी थांबली. उतरून पाहिलं, तर चाकाचे नट नुसत्या बोटांनी फिरत होते. अलॉयचे नट लोखंडी चाकाला घट्ट बसत नाहीत. निघताना जॅक, पाना मी तपासून घेतला होता. लोखंडी चाकाचे जुने नट मात्र घरीच राहिले.

नट आवळून हे म्हणाले, "बस आता."

मी मुलीला उचलून रस्त्याकडेला उभी राहिले.

"आधी गाडीची चावी काढा. योग्य नट मिळेपर्यंत गाडी हलणार नाही."

त्यांनी चावी काढली.