टाक्यातला गाळ

आमच्या अकोल्याच्या घरामागं बाबांनी एक टाकं बांधलंय. विटा-सिमेंटचं, कमरेइतकं खोल, बाहेरून निळा रंग दिलेलं. प्यायच्या पाण्याचं टाकं वेगळं, हे फक्त माशांचं. अकोल्यात नळ रोज कुठं येतो! "मानसाले पाणी पुरत नाई अन् यांचे मासे पोहून राह्यले," असं म्हणत आईनं त्या टाक्याला जन्मभर शिव्या घातल्या. बाबांच्या ऑफिसातल्या एका मित्राचं मूर्तिजापूरकडं शेततळं आहे. तिथून बाबांनी डब्यातून रोहूची पिल्लं आणली होती. ती हातभर झाली. कोणी पाहुण्यानं "मंग खायाचे कवा?" म्हणून विचारलं, की बाबा त्याला चहासुद्धा विचारत नसत.

मग बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, डोळ्यांत दिसतं की समजतंय, पण तोंडातून नुसतं आं-आं निघतं. लिहिताही येत नाही. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्यांना काय म्हणायचंय ते घाई न करता समजून घ्या. दुसरी, अशा पेशंटला उगाचच रडू येतं, मनावर घेऊ नका. यातली दुसरी आमच्या चांगली लक्षात राहिली.

तेव्हापासून बाबांच्या दिवसात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं एकच काम उरलं. सकाळी आई त्यांना धरून मागच्या दारात आणते, खुर्चीत बसवते आणि डाव्या हातात कणकेची गोळी देते. बाबा ती टाक्यात फेकायचे. तुटक्या शेपटीचा एक म्हातारा मासा सगळ्यांच्या आधी वर यायचा, आणि बाबांच्या अर्ध्या तोंडावर हसू यायचं. मी अमरावतीला शाळेत शिकवते, शनिवारी दुपारच्या बसनं अकोल्याला येते. खोटं कशाला बोलू, ते अर्धं हसू पाहायलाच येत होते. बाकी त्या घरात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी आले तर पुढच्या खोलीत नव्या रंगाचा वास आणि मागं नुसती घाण. बाबा आजारी पडल्यापासून टाक्याला कोणाचा हात लागला नव्हता. पाणी काळं झालेलं, मासे वर येऊन तोंडं उघडत होते.

"उद्या नळ येनार हाय," आई म्हणाली. "काढून टाकू सारा गाळ. अख्खी गल्ली घरं धुऊन राह्यली अन् आपल्या मांगं हा नाला. लोक काय म्हनतीन?"

नळाच्या दिवशीच टाकं साफ करायचं, ही बाबांचीच रीत. आधी रिकामं करायचं आणि नळ आला की पाइप सोडायचा. पण त्या कामात ते कोणाला हात लावू देत नसत. बनियनवर आत उतरायचे. स्वयंपाकघराच्या दारातून आम्हाला दिसायचं ते एवढंच, की घमेल्यातून गाळ वर येतोय आणि लिंबाच्या झाडाखाली पडतोय. आत ते किती काढतात, किती ठेवतात, ते आम्हाला कुठं दिसत होतं?

रविवारी सकाळी मासे जुन्या पाण्यासकट टबात काढले आणि मी सलवार गुडघ्यापर्यंत खोचून आत उतरले. माय वं, काय तो वास! पिंढरीपर्यंत काळा लोण्यागत गाळ. आई काठावरून घमेलं ओढत होती आणि तोंड चालूच होतं. गाळातून एक स्टीलचा चमचा निघाला तर म्हणाली, "पाहाय! माहा चमचा! मी त्या भांडेवालीवर शक घेतला होता!" मला इतकं हसू आलं की मी आतच बसता बसता वाचले. बाबा दारात खुर्चीवर होते. तेही हसतील म्हणून मी वर पाहिलं.

ते हसत नव्हते. डाव्या हातानं खुर्चीचा हात बडवत होते. आं, आं, आं.

"मासे टबात हाय तुमचे, मस्त हाय," आई म्हणाली. "जीव नका लावू इतका."

मी तळ खराट्यानं घासला, सिमेंट पांढरं दिसेपर्यंत. बाबा बडवतच होते. मग त्यांनी हात लांब करून बोट दाखवलं. भिंतीपाशी काढून टाकलेल्या गाळाच्या ढिगाकडं. पुन्हा पुन्हा, जोर लावून, खुर्चीतून घसरतील इतके वाकून.

"हां, हां, समजलं," आई म्हणाली. "लिंबाले टाका म्हनून राह्यले. दरसाल तठीच टाकते ना ते."

मलाही पटलं. उलट आनंद झाला की बाबांना काय पाहिजे ते एकदाचं समजलं. कंबर मोडली होती तरी आम्ही दोघींनी तो सगळा गाळ लिंबाखाली नेऊन टाकला, एक घमेलंही मागं ठेवलं नाही. तेवढ्यात नळ आला. मी पाइप सोडला आणि मागं वळले तर बाबा रडत होते, लहान मुलासारखे, तोंड उघडं टाकून.

"रडू नका बाबा, झालं ना तुमच्या मनासारखं," म्हणत मी त्यांचे डोळे पुसले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडेचनात. मी ते बोट बोट करून सोडवलं, कारण टाकं भरत आलं होतं आणि मासे सोडायचे होते. पाणी काचेसारखं स्वच्छ, बिलिचिंगचा वास येणारं. आई म्हणाली, "पाहा, आता कसे दिसून राह्यले!"

संध्याकाळी मासे काठाशी तिरके झाले. आम्ही टाक्यात बादलीनं पाणी हलवलं, तेवढंच सुचलं. सकाळी सगळे पांढरं पोट वर करून तरंगत होते, तुटक्या शेपटीचासुद्धा. बाबांना उठवायच्या आधी आईनं ते चाळणीनं काढले आणि लिंबाखालीच पुरले. त्या बाईनं जन्मभर त्या माशांना शिव्या घातल्या होत्या, आणि आता माती लोटता लोटता म्हणत होती, "काहून गेले रे बापाहो, काहून गेले?"

मी शाळेत फोन करून रजा सांगितली आणि शेततळंवाल्या काकांना फोन लावला. "सारा गाळ काढला?" ते म्हणाले. "अन् वरतून नुसतं नळाचं पाणी सोडलं? अवं पोरी, औषधाचं पाणी ते! थोडा जुना गाळ राहू द्या लागते, थोडं जुनं पाणी मिसळा लागते. तुह्या बाबाले तर पुरं मालूम हाय."

तुह्या बाबाले पुरं मालूम हाय. मी फोन ठेवला तेव्हा आई बाबांना खुर्चीवर बसवत होती. सवयीनं तिनं त्यांच्या हातात गोळीही दिली. बाबा टाक्यात पाहत राहिले. पाणी इतकं नितळ की तळातली सिमेंटची रेघन् रेघ दिसत होती. "मासे खाली गेले, ऊन हाय ना," असं खोटं बोलायलाही आम्हाला जागा नव्हती.

त्यांनी गोळी फेकली नाही. मांडीवर ठेवली आणि हात उचलून लिंबाकडं बोट दाखवलं.

मी धावत गेले, ओंजळभर गाळ आणला आणि त्यांच्यासमोर धरला. "हे? हेच म्हणत होते काय काल?" बाबांनी होय म्हणून मान हलवली आणि बोट टाक्याकडं वळवलं. मी ओंजळ टाक्यात सोडली. पाणी गढूळ झालं. बाबांनी डोळे मिटले.

"आता टाकून काय फायदा?" आई म्हणाली आणि खाली ओट्यावर बसून ओक्साबोक्शी रडायला लागली. मला तिचाही राग आला, माझाही, आणि खरं सांगायचं तर बाबांचाही. इतकी वर्षं एकदा तरी हाक मारून दाखवायचं होतं ना, की बघ पोरी, एवढा ठेवायचा असतो.

त्यानंतर आम्ही दोघी फार जपून वागायला लागलो. बाबांनी हात उचलला की पाणी आणतो, टॉवेल आणतो, पंखा वाढवतो, कमी करतो, चष्मा देतो, गोळ्यांचा डबा देतो. एकेक वस्तू समोर धरून विचारतो, "हे? हे? मंग हे?" माझ्या नवऱ्यानं नवे मासे आणून सोडलेत, लाल, दुकानातले. या वेळी गाळ आहे, जुनं पाणी आहे, मासे मजेत आहेत.

गेल्या शनिवारी आले तेव्हा ऊन सरकून थेट बाबांच्या तोंडावर आलं होतं. डोळे किलकिले करून ते तसेच बसले होते. मांडीवरची कणकेची गोळी वाळून टणक झाली होती. डावा हात तिच्याशेजारी पडला होता. मी मुद्दाम थांबले, त्यांनी दाखवावं म्हणून.

"बाबा, खुर्ची सावलीत घेऊ? दाखवा ना बोटानं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि हात उचलला नाही.