भिजलंय तेवढं रंगवीन

मौलाली रंगाऱ्याला जपानच्या बादशहाकडून दरमहा मनिऑर्डर येते, अशी आवई आमच्या गल्लीत उठली होती. गिरिजाबाई ती अशा सांगायच्या, 'मी न्हाय म्हनत बाई, लोक म्हंत्यात की.' आणि बातमी पदरावर सांडल्यासारखा पदर झटकायच्या. नरसय्या विणकर प्रत्येक शब्दाला तेलुगू शेपूट लावायचा, 'पोस्टमानू बोलला, मी सोता ऐकला.' पोस्टमनला विचारलं तर तो म्हणायचा, 'मनिऑर्डरचं सोडा, त्या म्हाताऱ्याला साधं कार्ड येत न्हाय.'

खरं असं की जपानकडून मौलालीचाचाला एक दिडकी आलेली नाही. उलट जपानी मालाविरुद्ध गल्लीत पहिला हात वर गेला तो त्याचा. आवई उठली तीही त्या हातामुळंच.

आमची गल्ली जपानी रेशमावर जगते. रेशीम कसलं, किड्याचं नव्हे, कारखान्यातलं नकली. पण लुगड्याच्या काठाला असं चमकतं की खेड्यातली बाई दुसऱ्या काठाकडं बघत नाही. ते चाचा रंगवायचा, त्याची विधवा सून रुक्साना कांड्या भरायची, नरसय्या विणायचा आणि माझे आप्पा, म्हणजे सिद्रामप्पा, ती लुगडी दुकानात विकायचे.

गेल्या पौषात चौकात चीनसाठी सभा झाली. सिद्धनाथराव वकील बोलायला उभे राहिले. त्यांचं 'बंधूंनो' इतकं लांबतं की पारावरची कुत्रीसुद्धा उठून बसतात. 'चीनमधल्या आयाबहिणींच्या डोक्यावर पडणारे जपानी बाँब तुमच्या पैशाचे आहेत. जपानी मालाला हात लावणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी हात वर करावेत.'

चाचाचा हात पहिला. कोपरापर्यंत निळा. रंगाऱ्याचा हात गर्दीत लपत नाही. मग बाकीचे वर गेले. आप्पांचाही, अर्धाच, खांदा दुखत असल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चाचाच्या रंगशाळेत जमले. वकील होते, आणि सभेत चीनच्या मदतीला मोठी वर्गणी दिलेले गुरुबसप्पा होते, बार्शीचे कापसाचे अडते. चाचा चुलीजवळ बसला होता. तो उठतो तेव्हा 'या अल्ला' दोन हप्त्यांत म्हणतो. 'या' बसलेला असताना, 'अल्ला' गुडघे सरळ झाल्यावर. त्या दिवशी तो उठलाच नाही.

नरसय्या म्हणाला, 'चाचा, हात वर केला, बरं केला. आता माज्या घरात रेशमाच्या लडींची पेटी पडलीय, तिचं काय करू?'

'परत कर,' वकील म्हणाले.

'कोरडी लड दुकानदार घेतो सायेब. पानी लागलं की कुनी घेत न्हाय. माजी अर्दी भिजलीया.'

'मग होळी करा तिची.'

'होळी कशावर करू? चूल आदीच इजलीया.'

चाचानं गुरुबसप्पांकडं मान वळवली. 'शेठ, तुमचा कापूस कुटं जातो हो?'

'मुंबईला.'

'आनि मुंबईस्नं?'

गुरुबसप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. 'बोटीत.'

'बोट कुटं जाती?'

उत्तर वकिलांनी दिलं. 'चाचा, कापूस विकणं निराळं. जपाननं तो उचलला नाही तर बार्शीकडचा कुणबी बसेल. नीती आहेच, पण देशाचं हितही पाहावं लागतं.'

'व्हय, बगावंच लागतं. मंग नरसय्याचं हित कोन बगनार, चीनवाले?'

मी हसले. बाकी कुणी हसलं नाही, म्हणून मीही थांबले.

चाचा म्हणाला, 'तुमचं खोटं हाय असं न्हाय म्हनत मी. तितं बाँबनं पोरं मरत्यात, खरं हाय. कापूस न्हाय इकला तर हितली मरतील, ते बी खरं हाय. दोनी एकदम उचलाया माज्यात जोर न्हाय ऱ्हायला, वकीलसाब.' मग बराच वेळ तो राख उकरत बसला. शेवटी म्हणाला, 'भिजलंय तेवढं रंगवीन. कोरडं परत करा. जुम्म्यापर्यंत मुदत. त्याच्यापुढं जपानी लड माज्या हंड्यात न्हाय.'

वकिलांना ते आवडलं नाही, पण खोडायला त्यात काही सापडेना. नरसय्या मात्र आनंदानं घरी गेला, आणि तिथंच आम्ही गल्लीवाल्यांनी माती खाल्ली.

कोरडं परत करायला कुणीच गेलं नाही. सगळ्यांनी सगळं भिजवलं. ज्यांच्याकडं अर्धी पेटी होती त्यांनी आणखी दोन आणल्या. घंगाळं, घागरी, कणीक मळायच्या पराती, सगळ्यांत रेशीम. गिरिजाबाई विणत नाहीत, पण त्यांनी आपला बंब नरसय्याला वापरायला दिला. आप्पांनीही दोन पेट्या आणून गुपचूप त्याच्याकडं पोचवल्या. 'भिजलंय म्हनलं की झालं. चाचा काय हात घालून बगनार हाय?' असं ते आईला म्हणाले. आईनं आमची परात तेवढी उचलून आत ठेवली.

हे रेशीम कोरडं असताना ओढा, ताणा, काही करा. पाण्यात गेलं की त्याचा जीव जातो. चाचा ते बाळंतिणीला उठवावं तसं उचलायचा. इथं लोकांनी लडींचे बंध सोडून, वरून दगड ठेवून ते दाबून भिजवलेलं, दिवसचे दिवस.

शुक्रवारी नमाज झाल्यावर चाचा दारोदार फिरला. नरसय्याच्या घंगाळात त्यानं दोन बोटं घातली आणि वर काढली. बोटांना शिजलेल्या शेवया याव्यात तसे तुकडे आले.

नरसय्यानं दाराआडून विचारलं, 'भिजलंय न्हवं, चाचा?'

चाचानं ते तुकडे परत पाण्यात सोडले. 'भिजलंय,' म्हणाला.

वकिलांना कळल्यावर ते धावत आले. 'ही सरळ लबाडी आहे. तुम्ही बांधील नाही.'

'शबूद देताना लबाडांना सोडून, असं मी कुटं म्हनलं हुतं?'

मग चाचा आणि रुक्साना बसले. गुंता सोडवायचा, धड राहिलेले धागे वेगळे करायचे, तुटलेलं टाकून द्यायचं, उरलेलं रंगवायचं. होळी आली, गेली, त्यांचं ते संपेना. चाचा उठताना नुसतं 'या' म्हणायचा, 'अल्ला'पर्यंत पोचतच नव्हता. आणि रंगशाळेतून धूर निघतोय म्हणून येणारेजाणारे बोलायला लागले, 'हात वर करनारा बगा, अजून जपानीच रंगवतुया. काय तरी मिळत असंल की.' मनिऑर्डर निघाली ती तिथून. ज्यांचं रेशीम तो सोडवत होता, त्यांनीच ती जास्त वाटली.

ते संपलं, आणि चाचानं शब्दाप्रमाणं जपानी लड बंद केली. साधं सूत रंगवायला कोण येणार? हंडा पालथा पडला. रुक्सानाच्या कांड्या थांबल्या. तिला दोन पोरं. ती भांडी घासताना जरा जास्त वाजवायची.

मग चाचाच्या पुतण्यानं, शेखलालनं, मागच्या बोळात हंडा मांडला आणि सगळ्या गल्लीचं जपानी रेशीम तिकडं गेलं. कांड्या भरायचं काम रुक्सानाकडं आलं. भांडी वाजायची थांबली. चाचाला सगळं ठाऊक होतं. पण शेखलालला राणी रंग जमेना, डाग पडायचे. तो चाचाकडं आला. चाचानं त्याच्याकडं पाठ केली.

'मी तुला सांगत न्हाय,' चाचा म्हणाला. 'मी भिंतीसंगं बोलतुया. मीठ एकदम वततोयस. थोडं थोडं टाक, आनि मागनं.'

मला हे फार आवडलं. मी म्हणाले, 'चाचा, तुम्ही दिवाळीच्या आत स्वतः हंड्याला हात लावणार. पैज.'

'लावला तर?'

'माझ्या शाळेच्या रिबिनी राणी रंगात रंगवून द्यायच्या.'

'आनि न्हाय लावला तर?'

'कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, घरपोच.'

'बरं,' तो म्हणाला. पैज लावणाऱ्याचा उत्साह त्यात नव्हता.

दिवाळीच्या तोंडावर शेखलाल हिवतापानं आडवा झाला. आख्ख्या गल्लीच्या लुगड्यांचं रेशीम त्याच्या बोळात पडून. मी मनातल्या मनात रिबिनी बांधूनसुद्धा पाहिल्या. रुक्साना डोक्यावर पदर घेऊन सासऱ्यापुढं उभी राहिली. 'अब्बा, दो दिन की बात है. बच्चों की ईद भी आगे है.'

चाचा 'या' म्हणाला. बऱ्याच वेळानं 'अल्ला' म्हणाला. काठी घेऊन बोळात गेला आणि शेखलालच्या हंड्यासमोर, भिंतीकडं तोंड करून बसला. हात मांडीवर, एकात एक गुंतवलेले. रंगवलं रुक्सानानं. तो भिंतीला सांगत गेला, आता जाळ कमी, आता मीठ, आता उचल, हळू, अगं हळू. दोन्ही दिवस त्याचे हात मांडीवरून हलले नाहीत. माशी नाकावर बसली तरी हलले नाहीत. मी तेवढ्यासाठीच बघत होते.

'हे काय चाचा,' मी म्हणाले. 'रंगवलं तुम्हीच की.'

'हात वर केला हुता बेटी. हात न्हाय लावला.' मग जरा थांबून म्हणाला, 'वकीलसाब बी आसंच बोलत हुते. कापसाचं.'

पाडव्याला मी हरलेली पैज फेडायला गेले. फडक्यात भाकरी, वाटीत चटणी. त्यानं भाकरी हातात घेतली आणि विचारलं, 'आप्पाच्या दुकानात दिवाळीला काय खपलं?'

'जपानी काठाची लुगडी,' मी म्हणाले. 'दुसरं काहीच नाही.'

तो भाकरीकडं बघत बसला. हात आता निळा नव्हता, नुसता म्हाताऱ्याचा होता. मग त्यानं ती मोडली. अर्धी रुक्सानाच्या पोरांकडं सरकवली, अर्धी सावकाश चावून संपवली, आणि रिकामी वाटी माझ्याकडं देत म्हणाला, 'लसूण कमी पडला. आईला सांग.'