धुराची वाट

"आगे आन्दाज, पोरे अंक," असं बंगालीत म्हणून आमच्या मॅडम खडू टेबलावर ठेवायच्या. आधी अंदाज, मग गणित. वर्गातल्या प्रत्येकाने काहीतरी उत्तर दिल्याशिवाय तो खडू पुन्हा उचलला जात नसे. कुणी चुकलं की त्या खूश होत, "छान चुकलीस," म्हणत. तुम्हीही असे शिक्षक पाहिले असतील, पण चुकीच्या उत्तराने एवढं खुलणारं माणूस मला तरी दुसरं भेटलं नाही.

सियालदहजवळच्या आमच्या कॉलेजात त्या फिजिऑलॉजीच्या मुलांना पहिल्या वर्षाचं भौतिकशास्त्र शिकवत. आपला विषय माणसाचा, यात तरफा आणि भिंगं कशाला, असं आम्हाला वाटे. मॅडम तरफेवरून सरळ कोपरावर यायच्या, भिंगावरून डोळ्यावर. शरीराला या नियमांतून सुट्टी नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. माझे वडील, आबा, तरुणपणी सांगलीकडून इथे आले ते गलाईच्या कामाला. जुनं सोनं वितळवायचं, अ‍ॅसिडने शुद्ध करायचं. बोबाजारच्या गल्लीत त्यांचं लहानसं दुकान आहे.

एकदा मॅडमनी विचारलं, नळी निम्मी अरुंद झाली तर तिच्यातून किती वाहील? मी भीत भीत म्हटलं, निम्मं. सगळ्यांचे अंदाज झाल्यावर त्यांनी खडू उचलला. उत्तर आलं, सोळावा हिस्सा. म्हणाल्या, छातीतल्या नळ्यांचा हिशेबही साधारण असाच. मला आबा दिसले. वाक्य अर्ध्यावर सोडून श्वास घेणारे.

तास संपल्यावर मी रेंगाळले. मॅडम पुसलेला फळा पुन्हा पुसत राहिल्या, तेव्हा कुठे सांगितलं. डॉक्टर म्हणतात धुरापासून लांब राहा, आणि आबा म्हणतात दुकान सोडून खाऊ काय. मॅडमनी एकच विचारलं, धूर जातो कुठे?

कुठेच नाही, मी म्हटलं. आमच्या धंद्यात पंखा लावत नाहीत. दुकानाचा केरसुद्धा राखून ठेवतात, त्यातलं सोनं पुढे गाळून काढतात. वाऱ्याने कण उडाले तर बरकत उडाली.

शनिवारी मॅडम स्वतः दुकानात आल्या. एक लहान पंखा आणि पत्र्याची नळी घेऊन. आबांनी आपलं स्टूल त्यांना दिलं आणि मला मराठीत म्हणाले, "तुझ्या दिदिमणीला सांग, धुराबरोबर सोनं जातं. पोट मारून छाती राखू व्हय?" मी ते जरा मऊ करून बंगालीत सांगितलं; 'दिदिमणी' हा बाईंसाठीचा इकडचा शब्द तेवढा तसाच ठेवला.

मॅडमनी आबांनाही अंदाज विचारलाच. आबा म्हणाले, दोन्ही जाणार. मग नळीच्या तोंडाखाली मॅडमनी उदबत्ती धरली आणि शेजारी कागदावर आबांनी स्वतःच्या हाताने सोन्याचा कीस ठेवला. पंखा हळू फिरू लागला. धूर वळून नळीत गेला, कीस जागचा हलला नाही.

"दिसतं तसं असतंच असं नाही," आबा म्हणाले.

पण पंखा त्यांनी ठेवून घेतला. नळीच्या बाहेरच्या तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं. काही आठवड्यांनी ते फडकं मुशीत जाळलं आणि राख गाळली, जशी केराची गाळतात तशीच. सोनं निघालं नाही. आबांनी मूस उजेडात धरून पुन्हा तपासली. मग मला म्हणाले, "तुझ्या दिदिमणीला कळव."

मी सांगितलं तेव्हा मॅडम खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, "मी नुसतं दाखवलं होतं. प्रयोग तुझ्या बाबांनी केला." पुढच्या वर्गांना त्या फडक्याची गोष्ट सांगत, कुणाची ते न सांगता. मी खालच्या वर्गातल्या मुलींकडून ते ऐकलं आणि उगाच लाजले.

यंदा दुर्गापूजेनंतर मॅडम गेल्या. आजारपण थोडक्यातच झालं. सॉल्ट लेकच्या त्यांच्या घरी स्मरणसभा होती, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद पडलेली. तुम्ही खालीच बसा, असं आबांना सांगायला वळले तर ते जिन्यावर होते. मी मागून चढत राहिले, प्रत्येक वळणावर ते थांबतील म्हणून.

वर रजनीगंधाचा वास होता. फोटोसमोर आबा हात जोडून उभे होते. आपल्या मोडक्या बंगालीत ते मॅडमना सांगत होते, दिदिमणी, लिफ्ट बंद आहे, मी चालत आलो. ते सगळं वाक्य त्यांनी एका दमात म्हटलं.