अंदाजानं दिलेलं जंताचं औषध

मंडळी, आज माझ्या धुतलेल्या धोतरावर घोर अन्याय झाला. टिप्या, आमचं कुत्र्याचं पिल्लू, सकाळी त्यावर लाळ गाळत आडवं झालं. उठवायला गेलो तर त्याचे पाय लटपटत होते.

ही करणी शेजारच्या परसूअण्णांची. टिप्याला जंत झालेत म्हणून त्यांनी मला न विचारता सुपारीची पूड गुळातून चारली.

"किती दिली, अण्णा?"

"मूठभर. आमच्या शिकारी कुत्र्याला तेवढीच देतो न्हवं! अंदाज हाय माझा."

पिल्लू टोपलीत घालून रामनगरच्या वैद्यांकडं धावलो. त्यांनी आधी त्याला तागडीत तोललं, मग मलाच झापलं, "मात्रा वजनावर ठरते. एवढ्याशा जिवाला मूठभर? मारायचं होतं काय?"

दुपारी टिप्या भडाभडा ओकला, तेव्हा कुठं त्यानं मान वर केली.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाशी भांडून काय उपयोग? मी भांडलो नाही. संध्याकाळी अण्णा चौकशीला आले, तेव्हा त्यांना प्रेमानं पेज वाढली. पहिल्याच घोटाला त्यांचे डोळे पांढरे झाले.

"आरं, मीठ किती घातलंस?"

"अंदाजानं," मी म्हणालो आणि पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.