रस्त्यावरची हौसा

हौसाबायला गाडी लागायची. होडीत तिला कधी काही झालं नाही, भर उधाणातही मजेत सुपारी कातरत बसायची. पण बसने पहिलं वळण घेतलं की हिचं तोंड खिडकीबाहेर. पंधरा वर्षं रोज सकाळी बंदरावरून मासळीची पाटी भरून ती संगमेश्वरकडच्या गाडीने जायची, मध्येच उतरायची आणि वाडीवाडीतून बांगडे विकत फिरायची. पंधरा वर्षं रोज ओकायची. गालात आमसूल धरून झालं, नाकाला लिंबू लावून झालं, काडीचा उपयोग नाही. शेवटी कंडक्टर लोकांनीच मागच्या बाकाची खिडकी तिच्या नावावर करून टाकली होती.

मी दादू, रत्नागिरीच्या कोर्टात आप्पा वकिलांचा कारकून. हे सगळं मला ठाऊक, कारण हौसाबायच्या दाव्याचे कागद मी केले. त्या दाव्याचा विचका पण मीच केला. आधीच सांगून टाकतो, उगाच नंतर कोणी बोट दाखवायला नको.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. ड्रायव्हरने वळण फार आतून घेतलं आणि गाडी जांभ्याच्या दरडीला घासली. आतल्या चाळीस माणसांना खरचटलंसुद्धा नाही. हौसाबाय तेवढी अर्धी बाहेर होती. तिचा उजवा खांदा चेचला. हाडं जुळली, पण हात खांद्याच्या वर जाईना. डोक्यावरच्या पाटीला धरायला हात नाही तर बाई फिरणार कशी? एकच वाट उरली होती, मासळीबाजारात ओटा घ्यायचा आणि एका जागी बसून विकायचं. भरपाई मिळाली तर ओटा, नाहीतर जन्मभर सुनेच्या चुलीपुढे बसून राहायचं. आणि त्या दोघींचं किती पटत होतं ते अख्ख्या बंदराला माहीत होतं.

सल्ले द्यायला सगळे पुढे. तिचा नवरा खंडू म्हणाला, ड्रायव्हरच्या घरी जाऊन बसू. शेजारी म्हणाले, पोलिसांत केस झाली आहे, आता आणखी काय पाहिजे? आप्पा वकिलांनी सगळ्यांना गप्प केलं. पोलीस केसमध्ये फार तर ड्रायव्हरला शिक्षा होईल, खांद्याला त्यातून काही मिळायचं नाही, असं त्यांनी तिला समजावलं. खांद्यासाठी अपघाताच्या दाव्यांचं कोर्ट वेगळं. अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा, आणि त्यात ड्रायव्हर, गाडीचा मालक, विमा कंपनी तिघांनाही ओढायचं. तिकीट आहे का, विचारलं. हौसाबायने कमरेच्या पिशवीतून काढून दिलं. त्या तिकिटाचा बांगड्याचा वास निकाल लागेपर्यंत गेला नाही.

गाडी कोणाची होती ते मी सांगणार नाही. आमच्या धंद्यात एवढं तोंड सांभाळावं लागतं.

आता माझा पराक्रम ऐका. इस्पितळात हवालदाराने तिचा जबाब घेतला होता. ती बोलली होती बरंच, पण ओकण्याबिकण्याचं सरकारी कागदावर बरं दिसत नाही म्हणून त्या भल्या माणसाने ते गाळलं आणि एवढंच लिहिलं की, वळणावर मला गाडी लागली व मी जखमी झाले. कोर्टासाठी त्याचं इंग्रजी करायला माझ्याकडे आलं. माझ्या इंग्रजीचा मला तेव्हा भारी माज. डिक्शनरी उघडली, लागणे म्हणजे आदळणे, लिहून मोकळा. इंग्रजीत त्याचा अर्थ झाला, बसने मला धडक दिली. खाली ऐटीत सही ठोकली, भाषांतर बरोबर आहे. आप्पांनी वाचलं नाही, आणि कागद गेला.

गाडीवाल्यांनी मुंबईहून वकील आणला होता. त्याला कोणी घबाड दिलं असतं तरी एवढा आनंद झाला नसता. तो म्हणाला, अर्जातली बाई बसच्या आत आहे आणि जबाबातली बाई बसच्या पुढ्यात आहे. आत असेल तर तिला बस आदळली कशी? आणि रस्त्यावर असेल तर तिकीट कशाला काढलं? म्हणजे या बायका दोन. एकीच्या खांद्यावर दुसरी पैसे मागते आहे. तेव्हा रस्त्यावरच्या हौसाला साक्षीला बोलवा.

आणि देवा शपथ सांगतो, तिला खरंच समन्स निघालं.

भागोजी बेलिफ ते घेऊन हौसाबायच्या दारात गेला आणि विचारलं, ती दुसरी हौसा घरात आहे काय? हौसाबायने त्याला पाणी दिलं आणि ती दुसरी बाहेर गेल्याचं सांगितलं. भागोजी तासभर वाट बघत बसला. मग त्याने कागदावर शेरा मारला, सदर बाई मिळून आली नाही. पुढच्या तारखेला हुकूम झाला, शेवटच्या ठाऊक पत्त्यावर नोटीस चिकटवा. रस्त्यावरच्या बाईचा पत्ता रस्ताच. भागोजी खळीचा डबा घेऊन बसने गेला, त्या वळणावर उतरला आणि मैलाच्या दगडाला नोटीस चिकटवून, दोन पंचांच्या सह्या घेऊन आला. पंच म्हणजे तिथे गुरं राखणारे दोघे. आठ दिवसांत ती नोटीस गुरांनीच खाल्ली.

तुम्ही हसाल. मला तेव्हा हसू येत नव्हतं. पहिल्या दिवसापासून मला कळलं होतं की घोटाळा माझ्या सहीखाली आहे. पण सगळे हवालदाराला शिव्या घालत होते आणि मी मेला गप्प बसलो होतो. नोकरी जाईल, आणि त्याहून मोठं म्हणजे दादूला इंग्रजी येत नाही हे कोर्टभर होईल. दोन वर्षं हौसाबाय तारखांना येत राहिली, चालत, कारण बसमध्ये पाय ठेवायला आता घाबरायची. दर वेळी मला विचारायची, आज होईल काय रे? मी म्हणायचो, होईल. लाज वाटायची, खरंच सांगतो.

पंच्याऐंशीच्या डिसेंबरात शेवटची तारीख लागली. अकरा वाजले तरी मुंबईच्या वकिलाचा पत्ता नाही. साडेअकराला तो भिंतीला धरत आत आला. तोंड पांढरंफटक, कोटावर नको ते डाग. जज्जसाहेबांनी उशिराचं कारण विचारलं.

"माफ करा साहेब, घाटात मला गाडी लागली."

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "कुठे लागली? इस्पितळात गेलात का?"

"तशी नाही साहेब. आत बसलो होतो, तेव्हा..." आणि तो थांबला.

कोपऱ्यात भागोजी खो खो हसायला लागला तेव्हा कुठे जज्जसाहेबांनी मूळ मराठी जबाब मागवला. एकदा मराठी वाचलं, एकदा इंग्रजी वाचलं, आणि हा घोळ कोणाचा म्हणून विचारलं. आप्पांनी हवालदाराचं नाव घ्यायला तोंड उघडलं. समोर हौसाबाय डाव्या हाताने उजवा हात धरून बसली होती. मी उभा राहिलो.

"साहेब, हे माझं काम. हवालदाराने बरोबर लिहिलं होतं."

त्यांनी विचारलं, इंग्रजी कुठे शिकलात? मी म्हटलं, मॅट्रिकला तीनदा बसलो, साहेब. माझे कान असे तापले होते की विडी पेटली असती.

मुंबईकर तरी सोडतो काय. खुर्चीत बसूनच म्हणाला, गाडीत पाटी आहे, डोके बाहेर काढू नये, तेव्हा चूक बाईची. हौसाबायला बोलायची परवानगी मिळाली. ती म्हणाली, "आत ओकले तर कंडक्टर खाली उतरवतो. बाहेर ओकले तर तुम्ही कोर्टात आणता. मी ओकू कुठे?" जज्जसाहेबांनी तिची थोडी चूक धरली, बाकी सगळी ड्रायव्हरची. मिळाले तेवढ्या पैशांत ओटा झाला.

आप्पांनी मला काढलं नाही. फक्त डिक्शनरी कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे घेतली.

शहाऐंशीच्या होळीच्या सुमाराला मी बाजारात गेलो. हौसाबाय ओट्यावर बसली होती, पुढे बांगडे, मागे भिंत. मी माफी मागितली, म्हटलं, माझ्यामुळे दोन वर्षं फुकट गेली. तिने बांगडे कागदात बांधले आणि विचारलं, "दादू, ती रस्त्यावरची हौसा सापडली काय रे?"

मला वाटलं, थट्टा करते. मी हसलो. ती हसली नाही. बाहेर रस्त्याला संगमेश्वरची गाडी निघाली होती, तिच्याकडे बघत होती.

"भागोजीने बरोबर लिहिलंन," ती म्हणाली. "ती आता मिळायची नाय. वाडीतल्या बायका अजून विचारतात म्हणे, ती पाटी घेऊन का येत नाय म्हणून."